गणिताच्या शंका : ‘लगतची बाजू’ नेमकी कोणती?

गेल्या महिन्याभरात या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये काटकोन त्रिकोणातील कोसाइनविषयीची पत्रे इतकी होती, की या वेळचे सगळे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. बहुतेक पत्रे नागपूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आली आहेत. आकृत्या येथे शब्दांतच सांगितल्या आहेत, म्हणून वाचताना जवळ एक कोरा कागद आणि पेन्सिल ठेवावी, अशी वाचकांना विनंती आहे.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. घटक चाचणीत काटकोन त्रिकोण अबक दिला होता. कोन ब काटकोन, उभी बाजू अब १५ सेंमी, आडवी बाजू बक ८ सेंमी आणि कर्ण अक १७ सेंमी. विचारला होता वरच्या कोन अ चा कोसाइन. मुलाने ८/१७ लिहिले आणि त्याचे गुण गेले. आम्ही घरी पाठ करून घेतलेले सूत्र ‘आधार भागिले कर्ण’ असेच आहे आणि आकृतीत आधार तर ८ हाच दिसतो. मग चूक कुठे झाली?
(एक पालक, नंदनवन, नागपूर)

उत्तर : तुमच्या मुलाला सूत्र पाठ आहे आणि कर्णही त्याने बरोबर ओळखला आहे, त्याला फसवले ते ‘आधार’ या शब्दाने. आपल्या नागपुरातल्या शिकवणी वर्गांत ‘पंडित बद्री प्रसाद, हर हर बोले’ हे हिंदी वाक्य वर्षानुवर्षे चालत आले आहे. त्यातल्या पहिल्या तीन शब्दांची आद्याक्षरे वर आणि नंतरच्या तिघांची खाली लिहिली, की परपेंडिक्युलर भागिले हायपोटेनुज, बेस भागिले हायपोटेनुज आणि परपेंडिक्युलर भागिले बेस, अशी साइन, कोसाइन आणि टॅन यांची सूत्रे ओळीने मिळतात. हे वाक्य वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. परीक्षेच्या घाईत त्याने अनेकांना तारले आहे. पण ‘बेस’ किंवा ‘आधार’ हा शब्द कानावर पडला, की मुलाची नजर आपोआप आकृतीच्या तळाकडे जाते आणि तळाशी जी रेघ काढलेली असेल तिलाच तो आधार समजतो. वास्तविक कागदाची खालची बाजू कोणती, याच्याशी त्रिकोणाचे काहीही देणेघेणे नसते.

या बाबतीत आपल्या मराठी पाठ्यपुस्तकातला शब्द अधिक नेमका आहे. तेथे ‘कोनाची लगतची बाजू’ असे म्हटले आहे, आणि ‘कोनाची’ या शब्दातच सगळे उत्तर आहे. लगतची बाजू त्रिकोणाची नसते, ती त्या विशिष्ट कोनाची असते. कोन बदलला की ती बदलते. तुमच्या आकृतीत कोन अ ज्या दोन बाजूंमध्ये आहे त्या बाजू म्हणजे अब आणि अक. त्यांपैकी अक हा कर्ण आहे, म्हणून उरलेली अब हीच कोन अ ची लगतची बाजू, आणि कोन अ चा कोसाइन १५/१७. मुलाने लिहिलेले ८/१७ हेदेखील एका कोसाइनचेच मूल्य आहे, परंतु तो कोसाइन कोन क चा आहे. म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर त्याने लिहिले. हे त्याला याच शब्दांत सांगावे. ‘तुला काहीच येत नाही’ असे वाटून घेण्यासारखी ही चूक नाही.

त्याला घरी पुढीलप्रमाणे करायला सांगा. आधी काटकोनाची छोटी चौकोनी खूण शोधावी आणि तिच्या अगदी समोरच्या बाजूवर ‘कर्ण’ असे लिहून टाकावे. मग ज्या कोनाचा कोसाइन विचारला आहे त्या शिरोबिंदूवर डाव्या हाताचे बोट ठेवावे. बोटाखालून दोन रेघा निघतात. त्यांतल्या एकीवर ‘कर्ण’ असे आधीच लिहिलेले असते, दुसरी लगतची बाजू. बोट उचलायचे नाही आणि सूत्र आठवायचेही नाही. एवढे जमले, की तोच कागद पाव फेरी फिरवावा, नंतर उलटा धरावा, शेवटी कर्ण तळाशी येईल असा धरावा, आणि प्रत्येक वेळी कोन अ चा कोसाइन पुन्हा विचारावा. चारही वेळा उत्तर १५/१७ आले, म्हणजे ‘आधार’ हा शब्द डोक्यातून निघाला असे समजावे. कर्ण तळाशी असलेली आकृती मुलांना सर्वांत जास्त चकवते, कारण तेथे ‘आधार’ म्हणून ते कर्णच उचलतात आणि १७/१५ असे लिहून मोकळे होतात.

उत्तर तपासण्याच्या दोन युक्त्या त्याला अवश्य द्या. पहिली अशी, की काटकोन त्रिकोणात कर्ण सर्वांत लांब असतो, त्यामुळे लघुकोनाचा कोसाइन १ पेक्षा मोठा कधीही येत नाही. १७/१५ लिहिणाऱ्याला आपली चूक तेथल्या तेथे कळायला हवी. दुसरी युक्ती तुमच्या मुलाच्या चुकीलाही पकडते. कोन जितका मोठा तितका त्याचा कोसाइन लहान असतो. आकृतीत ८ सेंमीच्या बाजूसमोरचा कोन अ हा लहान कोन आहे, सुमारे २८ अंशांचा, आणि १५ सेंमीच्या बाजूसमोरचा कोन क सुमारे ६२ अंशांचा. तेव्हा दोन अपूर्णांकांपैकी मोठा अपूर्णांक लहान कोनाला, म्हणजे कोन अ ला मिळाला पाहिजे.

प्रश्न : माझ्या उदाहरणात कोन क चा कोसाइन काढायचा आहे, पण कोन क च्या लगतची बाजू दिलेलीच नाही. समोरची बाजू ७ आणि कर्ण २५ एवढेच आहे. मी २५ मधून ७ वजा करून १८ घेतले आणि १८/२५ लिहिले. पुस्तकात उत्तर २४/२५ आहे.
(इयत्ता नववीची विद्यार्थिनी, सक्करदरा, नागपूर)

उत्तर : तुला हवी ती बाजू आधी शोधावी लागेल हे तू बरोबर ओळखलेस. पायथागोरसच्या प्रमेयात वजाबाकी होते ती बाजूंच्या वर्गांची, बाजूंची नव्हे. २५ चा वर्ग ६२५, ७ चा वर्ग ४९, त्यांची वजाबाकी ५७६, आणि ५७६ चे वर्गमूळ २४. म्हणून लगतची बाजू २४ आणि कोसाइन २४/२५.

१८ हे उत्तर का शक्य नाही, ते कागदावर काढून पाहा. ७ आणि १८ या दोन बाजू एकत्र केल्या तर बरोबर २५ होतात, म्हणजे त्या टोकाला टोक लावून कर्णावरच आडव्या झोपतील आणि त्रिकोण उरणारच नाही. त्रिकोण उभा राहायचा असेल तर दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असावीच लागते.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती पुढच्या वर्षीही उपयोगी पडेल. वर्गमूळ दर वेळी असे पूर्ण संख्येत येणार नाही. समज, लगतची बाजू २ आणि समोरची ३ आहे. तर कर्ण √१३ आणि कोसाइन २/√१३. येथेच थांबावे. √१३ च्या जागी घाईने ३.६ घालून भागाकार केलास तर ०.५५५६ येईल, आणि खरे मूल्य ०.५५४७ आहे. फरक थोडा आहे, पण पुढच्या पायरीत तो गुणला जातो. दशांशात उत्तर मागितले असेल तर अपूर्णांक शेवटपर्यंत तसाच ठेवून शेवटच्या ओळीतच भागाकार कर.

प्रश्न : मी गणित शिकवते. त्रिकोण मोठा केला तर कोसाइन का वाढत नाही, असे मुले दर वर्षी विचारतात. समरूप त्रिकोणांच्या बाजू प्रमाणात असतात, असे मी फळ्यावर सिद्ध करून दाखवते. ते मुलांना समजते, पण त्यांना पटत नाही असे जाणवते. हाताने करून दाखवण्यासारखे काही सुचवाल का?
(एक शिक्षिका, कामठी)

उत्तर : ‘समजते पण पटत नाही’ हे तुम्ही फार नेमके लिहिले आहे. सिद्धता तर हवीच, परंतु तिच्याआधी मुलांनी ही गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली असली तर सिद्धतेला काहीतरी धरून ठेवायला मिळते.

कोसाइनचे डोळ्यांना दिसणारे रूप म्हणजे सरळ वरून पडणाऱ्या उजेडातली सावली. तिरपी धरलेली काठी हा कर्ण, तिचे जमिनीला टेकलेले टोक हा कोन आणि उजेड बरोबर डोक्यावरून येत असेल तर जमिनीवर पडलेली सावली ही लगतची बाजू. सावलीला काठीच्या लांबीने भागले की कोसाइन मिळाला. अडचण एवढीच, की सूर्य बरोबर डोक्यावर फार क्वचित येतो. पण नागपूरकरांना तो वर्षातून दोन दिवस मिळतो. आपले शहर २१ अंश ९ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून २६ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर माध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो. जुलैमध्ये बहुधा आभाळ भरलेले असते, तेव्हा मे महिन्यातला दिवस धरावा. त्या दिवशी उभ्या वस्तूची सावली नाहीशी होण्याची वेळ नागपुरात दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास असते, कारण आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेला आहोत.

आम्ही शेजारच्या मुलांना घेऊन हा प्रयोग गच्चीवर केला. जमीन इतकी तापलेली होती की आधी दोन बादल्या पाणी ओतावे लागले आणि खडूच्या रेघा फरशी वाळल्यावरच उमटल्या. कापड दुकानातली लोखंडी मीटरपट्टी घेतली, पुठ्ठ्याचे ३०, ४५ आणि ६० अंशांचे कोन कापून ठेवले आणि स्टीलचा एक उभा डबा शेजारी मांडला. डब्याची सावली त्याच्या बुडाखाली गेली की मापायला सुरुवात. पट्टी ६० अंशांवर धरली तेव्हा सावली ५० सेंमी आणि किंचित वर, ४५ अंशांवर ७१ आणि ३० अंशांवर साडेशहाऐंशी भरली. कोष्टकात या कोनांचे कोसाइन ०.५, ०.७०७ आणि ०.८६६ आहेत. पट्टीच्या वरच्या टोकाची सावली जरा पसरट पडते, कारण सूर्य हा ठिपका नाही, त्याचे बिंब आपल्याला सुमारे अर्धा अंश रुंद दिसते. म्हणून पाचसहा मिलिमीटरांची फारकत गृहीत धरावी. मग मुलांना त्याच पट्टीवर ८० सेंमीला, ६० सेंमीला आणि ४० सेंमीला चिकटपट्टीच्या खुणा करायला लावल्या. ६० अंशांच्या कोनात या खुणांच्या सावल्या ४०, ३० आणि २० सेंमीवर पडलेल्या त्यांनी स्वतः मोजल्या. काठी लहान झाली तशी सावलीही त्याच हिश्श्याने लहान झाली. भागाकार दर वेळी अर्धाच. चौथीतल्या एका मुलीने पुढची सावली मोजण्याआधीच सांगून टाकली. तिला कोसाइन हा शब्दही ठाऊक नव्हता.

वर्गात कोणत्याही दिवशी करायचे असेल तर सूर्याऐवजी गवंड्याचा ओळंबा वापरा. दोऱ्याला एक जड नट बांधला तरी पुरतो. तिरप्या पट्टीवरच्या खुणेपासून ओळंबा सोडायचा, तो जमिनीला जेथे टेकेल तेथे खडूने ठिपका द्यायचा आणि पट्टीच्या तळापासून त्या ठिपक्यापर्यंतचे अंतर मोजायचे. यानंतर समरूपतेची सिद्धता फळ्यावर घ्यावी, असा माझा आग्रह आहे. क्रम उलटा केला तर प्रयोग म्हणजे निव्वळ पडताळणी होऊन बसते.

प्रश्न : मी पत्र्याच्या शेडची कामे घेतो. शेडची रुंदी १२ मीटर, आढे मध्यभागी आणि दोन्हीकडे उतार २० अंश, असे एक काम आहे. आढ्यापासून भिंतीपर्यंतच्या तिरप्या पाइपची लांबी काढताना मी ६ ला कॉस २० ने गुणले. माझा साथीदार म्हणतो की भागायला हवे. शिवाय मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर कॉस ६० दाबून पाहिले तर ०.५ ऐवजी −०.९५२ आले. कोणावर विश्वास ठेवायचा?
(एक फॅब्रिकेटर, वाडी, नागपूर)

उत्तर : साथीदारावर ठेवा. तुमच्या शेडच्या अर्ध्या भागाचा काटकोन त्रिकोण डोळ्यांपुढे आणा. भिंतीच्या माथ्यापासून मधल्या उभ्या रेषेपर्यंतचे आडवे अंतर ६ मीटर, ही २० अंशांच्या कोनाची लगतची बाजू. तिरपा पाइप हा कर्ण. कोसाइन म्हणजे लगतची बाजू भागिले कर्ण; येथे लगतची बाजू माहीत आहे आणि कर्ण हवा आहे, म्हणून ६ ला ०.९३९७ ने भागायचे. उत्तर ६.३८५ मीटर. पत्रा भिंतीच्या बाहेर जितका काढायचा असेल तितकी तिरपी लांबी यात वेगळी मिळवावी. तुम्ही गुणले तेव्हा ५.६४ मीटर आले असणार, आणि तेथेच शंका यायला हवी होती: तिरपा पाइप त्याच्याखालच्या सरळ अंतरापेक्षा आखूड कसा असेल? याउलट पाइपची लांबी ठरलेली असती आणि तो किती आडवी जागा व्यापेल ते हवे असते, तर गुणाकार बरोबर ठरला असता.

कॅल्क्युलेटरही खोटे बोललेला नाही. तुमचे ६० त्याने ६० रेडियन समजून घेतले. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश, तेव्हा ६० रेडियन म्हणजे वर्तुळाच्या साडेनऊ फेऱ्यांहून थोडे अधिक, आणि त्या कोनाचा कोसाइन खरोखरच −०.९५२ आहे. सेटिंग डिग्रीवर आणा आणि दर वेळी काम सुरू करण्याआधी कॉस ६० दाबून ०.५ येते का ते पाहा. तुम्ही नकळत केलेली ही तपासणी उत्तम आहे. ती सोडू नका.

रेडियनमधली चूक सहसा लपत नाही. तुमच्याच उदाहरणात तिने कॉस २० चे मूल्य ०.४०८ दिले असते, पाइप १४.७ मीटरचा निघाला असता आणि कोणीही थांबून विचार केला असता. मला भीती वाटते ती काही कॅल्क्युलेटरांवर असलेल्या ग्रॅड या तिसऱ्या सेटिंगची. त्यात काटकोनाचे ९० ऐवजी १०० भाग धरतात, म्हणून २० लिहिले की ते १८ अंशांचा कोसाइन देते, ०.९५१. त्याने भागल्यावर लांबी ६.३१ मीटर येते, दिसायला अगदी पटणारी, आणि कापलेला प्रत्येक पाइप साडेसात सेंमी आखूड पडतो. कॉस ६० दाबल्यावर ०.५८८ दिसले तर यंत्र ग्रॅडवर आहे असे ओळखावे.

प्रश्न : ‘कोसाइन’ या शब्दातला ‘को’ कुठून आला? आपल्याकडे याला स्वतःचा शब्द होता का?
(एक निवृत्त ग्रंथपाल, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : होता, आणि तो जुना आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये वर्तुळातल्या अर्ध्या जीवांच्या लांबींमधल्या फरकांची मालिका दिली. कोन ३ अंश ४५ कलांच्या टप्प्याने वाढवत गेले, की प्रत्येक टप्प्याला अर्धी जीवा किती वाढते ते तिच्यातले एकेक पद सांगते. या अर्ध्या जीवेला ज्या म्हणत. काटकोन पुरा व्हायला जो कोन उरतो त्याची ज्या ती कोटिज्या, किंवा थोडक्यात कोज्या. तोच आपला कोसाइन, फक्त तेथे तो भागाकाराच्या रूपात नसून ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळातल्या लांबीच्या रूपात आहे. ती त्रिज्या ३४३८ आहे, आणि हा आकडा सहज घेतलेला नाही: पूर्ण वर्तुळाच्या परिघात ३६० अंश, म्हणजे २१,६०० कला धरल्या तर त्रिज्या जवळपास ३४३८ कला येते. आर्यभटाच्या पहिल्या आठ पदांची बेरीज, म्हणजे ३० अंशांची ज्या, १७१९ आहे. ३० अंशांची ज्या हीच ६० अंशांची कोटिज्या. १७१९ ला ३४३८ ने भागून पाहा. गच्चीवरच्या मुलांना मिळाला तोच अर्धा येथे बसलेला आहे.

युरोपातला ‘साइन’ हा शब्द आपल्या ‘जीवा’पासूनच, अरबी लिपीत आणि मग लॅटिन भाषांतरात रूप पालटत तयार झाला. इंग्रज गणिती एडमंड गंटर यांनी १६२० मध्ये काटकोन पुरा करणाऱ्या कोनाच्या साइनला ‘को-साइनस’ असे लिहिले, तेव्हा त्यांचा ‘को’ काटकोन पुरा करण्याचाच होता. आपला ‘कोटि’ आणि त्यांचा ‘को’ यांचे उच्चार जुळणे हा योगायोग, पण अर्थ मात्र एकच. पहिल्या प्रश्नातल्या त्रिकोणात कोन अ चा कोसाइन १५/१७ आहे, आणि काटकोनातून कोन अ वजा केल्यावर उरणाऱ्या कोन क चा साइनही १५/१७ च आहे. नावातच हे नाते सांगितले आहे. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना भास्कराचार्य ‘लीलावती’त भुज, कोटि आणि कर्ण म्हणतात. त्यातला कर्ण आपण अजून रोज वापरतो, कोटि मात्र सोडून दिली, याची मला हळहळ वाटते.

प्रश्न : नागपुरातल्या झिरो माईलच्या दगडाचा आणि त्रिकोणमितीचा संबंध आहे असे ऐकतो. तो कोणता?
(एक वाचक, सीताबर्डी, नागपूर)

उत्तर : संबंध आहे, पण तो लोक समजतात तसा सरळ नाही. ज्या ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हेचे, म्हणजे त्रिकोणमितीय महासर्वेक्षणाचे नाव तेथल्या दगडाशी जोडलेले आहे, ते विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ एक आधाररेषा मोजून सुरू केले. एक रेषा प्रत्यक्ष मापायची, पुढे फक्त कोन मापत जायचे आणि बाकीच्या बाजू गणिताने काढायच्या, अशी त्रिकोणांची साखळी ते दोन दशके उत्तरेकडे नेत राहिले. नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांची कबर तेथेच आहे. नागपूरची ती खूण मात्र समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची आहे. ती त्रिकोणाचे टोक नाही.

अशा मापणीत कोसाइन लागतो तो पहिल्याच पायरीला. नकाशावरचे अंतर सपाट असते, मापायची साखळी मात्र जमिनीच्या उताराने जाते. १० अंशांच्या चढावर १०० मीटर मापले तर सपाट अंतर १०० गुणिले कॉस १०, म्हणजे ९८.४८ मीटर भरते. उतार नजरेला जाणवणार नाही इतका, म्हणजे २ अंशांचा असला तरी १०० मीटरमागे ६ सेंमी कमी होतात. मैलोगणती रेषेत ते सोडून चालत नाही. पृथ्वी गोल धरली तर नागपूरच्या अक्षवृत्ताची लांबीही अशीच मिळते. पृथ्वीच्या केंद्रापासून नागपूरपर्यंतची त्रिज्या हा कर्ण, नागपूरपासून पृथ्वीच्या आसापर्यंतचे अंतर ही लगतची बाजू आणि दोहोंमधला कोन आपला अक्षांश. २१ अंश ९ कलांचा कोसाइन ०.९३२६, विषुववृत्ताच्या ४०,०७५ किलोमीटरांना त्याने गुणले की सुमारे ३७,४०० किलोमीटर येतात.

प्रश्न : काटकोन त्रिकोणात काटकोनाचाच कोसाइन काढता येतो का? पुस्तकात तो शून्य दिला आहे, पण लगतची बाजू शून्य कशी असेल?
(इयत्ता दहावीचा विद्यार्थी, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : तुझी शंका रास्त आहे. काटकोनाच्या शिरोबिंदूवर बोट ठेवलेस तर निघणाऱ्या दोन रेघांपैकी एकही कर्ण नसते, म्हणून वर सांगितलेली रीत तेथे चालत नाही. शून्य हे मूल्य त्रिकोणात मोजलेले नाही. कोन ९० अंशांकडे सरकत जातो तेव्हा कोसाइन ज्याच्याकडे सरकतो ते ते मूल्य आहे.

उन्हाळ्याआधी घराघरांत कूलर बसवताना भिंतीला शिडी लावतात, ती आठव. शिडी ४ मीटर लांब आहे, हा कर्ण. तिचा पाय भिंतीपासून २ मीटर दूर असेल तर जमिनीशी कोन ६० अंश आणि कोसाइन अर्धा. पाय १ मीटरवर आणला तर कोसाइन पाव आणि कोन सुमारे साडेपंचाहत्तर अंश. कॅल्क्युलेटरवर शिफ्ट आणि कॉस दाबून ०.२५ घातलेस की हाच कोन मिळेल. पाय अर्ध्या मीटरवर आणला तर कोसाइन ०.१२५ आणि कोन सुमारे ८३ अंश. पाय भिंतीला चिकटला की अंतर शून्य, कोसाइन शून्य आणि शिडी उभी, पण तेव्हा त्रिकोण उरलेला नसतो. चढणाऱ्यासाठी यांतली मधली स्थिती बरी. शिडीच्या लांबीच्या एक चतुर्थांश अंतरावर पाय ठेवावा, असे सुरक्षिततेचे नियम सांगतात. त्याहून दूर ठेवला तर पाय सरकतो आणि फार जवळ ठेवला तर शिडी मागे कलंडते. घरी कोणी कूलरची टाकी भरायला चढणार असेल तर आधी शिडीची लांबी टेपने मोज, चारने भाग, तेवढ्या अंतरावर फरशीवर खडूने रेघ ओढ आणि ते वर असेपर्यंत शिडी धरून उभा राहा.